गाठी जिथे उतरल्या
वर्धा जिल्ह्यातली गावे रेल्वेने घडवली, असे सरसकट म्हटले जाते. वर्धा शहरापुरते ते खरे आहे. १८६२ साली नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी नवे शहर आखले गेले आणि पुढच्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी नागपूरला पोचली. हिंगणघाटची गोष्ट मात्र उलटी आहे. रूळ येण्याआधीच तिथल्या कापसाचे नाव परदेशी बाजारात झालेले होते, आणि या मुलखातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूर मिर्झापूरपर्यंत जात असे. वरोऱ्याच्या कोळशासाठी १८७०च्या दशकात टाकलेला फाटा हिंगणघाटवरून गेला, तो भरलेल्या बाजारात. रेल्वे नसती तर १८८१ची बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी तिथे उभी राहिली असती का, असे कोणी विचारील. बहुधा नसती. पण नुसत्या स्टेशनाने गिरणी येत असती, तर नावातच ‘रेल्वे’ मिरवणारी सिंदी हिंगणघाटच्या पुढे जायला हवी होती. ती थेट मुंबई-नागपूर लोहमार्गावर असूनही लहानच राहिली.

माझ्या मते गाव वाढले ते माल एका वाहनातून दुसऱ्यात चढवावा लागला तिथे. तिथेच हमाल, अडते, दलाल, वखारी आणि गाठी बांधणारे प्रेस जमतात. आर्वी तालुक्याचा कापूस आधी बैलगाड्यांनी पुलगावच्या स्टेशनावर येई. १९१७ मध्ये किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने पुलगाव-आर्वी हा सुमारे ३५ किलोमीटरचा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग सुरू केला. आर्वीला रेल्वे मिळाली, पण पुलगावचे महत्त्व त्याने कमी झाले नाही: छोट्या डब्यांतल्या गाठी तिथे उतरवून मोठ्या लाइनीवर चढवाव्याच लागत. आर्वीच्या जिनिंगवाल्यांची सोय झाली, हे नाकारता येत नाही. मात्र या दुहेरी चढउताराचा खर्च आर्वीच्या मालावर पडे आणि त्याची मजुरी पुलगावात वाटली जाई. पुढे जिनपासून गिरणीपर्यंत एकाच दमात जाणारा ट्रक आला, तेव्हा या मार्गाकडे स्वस्ताईचा दावाही उरला नाही. गाडी हळू होती म्हणून ती मागे पडली, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. कापसाच्या गाठीला तासा-दोन तासांचा उशीर सोसतो, हमाली सोसत नाही.

म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून देवळीमार्गे कळंबपर्यंत सुरू झालेल्या नव्या मार्गाकडे जुन्या चष्म्यातून पाहू नये. तो ज्याचा पहिला टप्पा आहे, तो वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग सगळा ब्रॉडगेज आहे. त्यामुळे वर्ध्याला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागणार नाही. देवळीला गाडी मिळाली, पण पुलगावला जे मिळाले होते ते आपोआप तिच्या वाट्याला येणार नाही.