गरिबाची गाय आणि जमीनदाराचे कुंपण

गावात गायरानाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, "यांनी गायराने बळकावली, म्हणून जनावरांना चारा उरला नाही." आपले तरुण यावर चिडतात, पण उत्तर देत नाहीत. उत्तर द्यायचे असेल तर चाऱ्याचा इतिहास माहीत हवा. चारा हा निव्वळ शेतीचा विषय नाही. तो जमीन कोणाची, हा विषय आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करू. अठराव्या शतकात तिथल्या नॉरफोक परगण्यात चार वर्षांची एक फेरपालट रुजली. पहिल्या वर्षी गहू, दुसऱ्या वर्षी सलगम, तिसऱ्या वर्षी जव आणि चौथ्या वर्षी क्लोव्हर. यातली चाऱ्याची पिके फ्लँडर्सकडून आली होती आणि लॉर्ड टाउनशेंडसारख्या जमीनदारांनी त्यांचा प्रसार केला. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमच्या कुळातले द्विदल गवत. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात. सलगमामुळे हिवाळ्यात जनावरांना खाद्य मिळाले. जनावरे वाढली, शेणखत वाढले, गव्हाचे पीक सुधारले. दर काही वर्षांनी जमीन पड ठेवण्याची गरज उरली नाही.

इथपर्यंतची गोष्ट कृषी महाविद्यालयात शिकवतात. पुढची शिकवत नाहीत. ही नवी शेती पसरत होती त्याच काळात गावाची सामाईक कुरणे कुंपणात घातली गेली. 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी 5,200 हून अधिक कायदे केले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन बंदिस्त झाली. भूमिहीन मजुराची एक गाय त्या कुरणावर चरत होती. कुरण गेले तशी गाय गेली, दूध गेले आणि मजूर पूर्णपणे रोजंदारीवर आला. आर्थर यंग हा कुंपणाचा सर्वात मोठा पुरस्कर्ता. 1801 साली त्यानेच लिहिले की अशा वीसपैकी एकोणीस कायद्यांनी गरिबांचे नुकसान केले. पडीक जमिनी गरिबांना गाय पाळण्यासाठी द्या, अशी मागणी त्याने केली. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

यातून आपण काय घ्यायचे? क्लोव्हर वाईट नव्हते, फेरपालटही वाईट नव्हती. पण सुधारणेचा फायदा ज्याच्या नावावर जमीन त्यालाच मिळाला.

आता आपल्याकडे पाहू. जातिव्यवस्थेने मेलेले ढोर ओढायचे काम महारांवर लादले, पण दुभते जनावर बांधायला जागा ठेवली नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले, तेव्हा पोटाचा पर्याय कोणता, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर जमिनीत होते. म्हणून दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964-65 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले आणि हजारो माणसे तुरुंगात गेली. म्हणूनच 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. ही कोणाची भीक नव्हती.

विरोधक 2011 चा जगपाल सिंग निकाल पुढे करतात. निकाल पूर्ण वाचा. सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले हे खरे. पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी अपवाद ठरू शकतात, हेही त्याच निकालात आहे.

आता मूळ आरोप. फुकट चराईचा लाभ जनावरांच्या संख्येप्रमाणे मिळतो. ज्याच्या गोठ्यात वीस जनावरे त्याला वीस वाटे, ज्याच्या दारात एक शेळी त्याला एक. शिवाय बारमाही मोकाट चराई झाली की गवताला बी धरायलाही वेळ मिळत नाही, कुरण उघडे पडते. कुरणाचे चार भाग करून आळीपाळीने चारले आणि बाकीच्या भागांना विश्रांती दिली तरच ते टिकते. किती गावांनी हे केले? ते केले नाही आणि दोष दोन एकर कसणाऱ्याच्या माथी मारला.

आणि ती दोन एकर जमीन चारा देत नाही असे कोण म्हणते? हलक्या जमिनीत ज्वारी घेतली तर माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा मिळतो. पुढच्या वर्षी मटकी, हुलगा किंवा चवळी घेतली तर जमिनीला नत्र आणि जनावराला पौष्टिक पाला. बांधावर शेवरी, उताराला मारवेल गवत. पाण्याची सोय झाली तर लसूणघास आणि मका. नॉरफोकचेच तत्त्व, फक्त आपल्या मातीतले. अडचण ज्ञानाची नाही. सातबारा नावावर नसेल तर पीककर्ज नाही, विहिरीची योजना नाही, वीजजोडणी नाही.

बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनींवरील निबंधात हेच मांडले होते. शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. भांडवल आणि अवजारे किती, यावर ठरते.

जमिनीनंतर बाजारही आहेच. ग्रामीण अस्पृश्यतेवर 11 राज्यांत झालेली पाहणी 2006 साली पुस्तकरूपाने आली. दलितांना दूध सोसायटीत दूध घालू न देणारी कितीतरी गावे तिने नोंदवली. म्हणजे चारा पिकवला, गाय पाळली, तरी जात कॅनच्या झाकणापाशी उभी असते.

म्हणून मित्रांनो, तीन कामे एकत्र धरा. गायरानधारकांचे जुने पुरावे, म्हणजे दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीकपाहणीच्या नोंदी, गोळा करा. उरलेल्या गायरानाच्या आळीपाळीच्या चराईचा ठराव ग्रामसभेत मांडा आणि त्यात भूमिहीनांचा वाटा लिहून घ्या. दूध सोसायटीचे सभासदत्व मागा, नाकारले तर लेखी कारण घ्या.

इंग्लंडच्या मजुराकडे ना मतदान होते ना संविधान. आपल्याकडे दोन्ही आहे.

जय भीम!