भीड, मुरवत आणि मनाचें माप

आपल्याकडे एखादा भिडस्त गृहस्थ “मला कोणास नाहीं म्हणवत नाहीं” असें सांगतो, तेव्हां ती तक्रार असते कीं आत्मगौरव, हें ठरविणें कठीण. अमेरिकेंत मात्र लिओनार्ड हॉरोविट्झ व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं परस्परसंबंधांतील अडचणी मोजण्यासाठीं १२७ वाक्यांची प्रश्नावली सिद्ध केली. तींत नकार देतां न येणें ही एक अडचणच मानली आहे. अशी प्रश्नावली चिनी भाषेंत न्यावयाची, तर केवळ कोश उघडून भागेल काय?

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका निराळ्या चाचणीच्या इतिहासांत सांपडतें. मिनेसोटा विद्यापीठांत हॅथवे व मॅकिन्ले यांनीं रचलेली व्यक्तिमत्त्वचाचणी हाँगकाँगमध्यें फॅनी च्युंग यांनीं व पेकिंगमध्यें सुंग वेइझेन यांनीं चिनी भाषेंत आणली. भाषांतर कसोशीनें झालें होतें. तरीहि अमेरिकन प्रमाणांनीं पाहतां धडधाकट चिनी माणसें विषाद व छिन्नमनस्कता यांच्या मापांवर चढीं ठरलीं. सारा समाज कांहीं आजारी नव्हता. तेथें जो शिष्टाचार, तोच येथें विकार म्हणून मोजला जात होता.

तेव्हां या विद्वानांनीं उलटा मार्ग धरला. चिनी कादंबऱ्या, म्हणी व सामान्य जनांचीं एकमेकांविषयींचीं वर्णनें चाळून त्यांनीं स्वतंत्र प्रश्नावली रचली. ती १९९६ सालीं विद्वज्जनांपुढें आली. तींत सलोखा आहे, चारचौघांत राखावयाचें ‘तोंड’ आहे, आणि रेन्छिंग, म्हणजे घेतलेल्या उपकाराची जाणीव व फेड, हेंहि आहे. आपल्या भीड-मुरवतीचें तें जवळचें नातलग होय. पराभवालाच विजय मानणारा लू शुनचा आ क्यू हाहि एका मापास आपलें नांव देऊन गेला आहे!

या नातेसंबंधविषयक गुणांचा मिळून होणारा घटक पाश्चात्त्यांच्या पंचघटक-योजनेंत सामावत नाहीं, असें २००१ सालीं त्यांनीं दाखविलें. नवल पुढेंच आहे. प्रश्नावली इंग्रजींत उतरल्यावर तोच घटक अमेरिकनांतहि आढळला. तो केवळ चिन्यांचा नव्हता. इतरांनीं त्याविषयीं कधीं विचारलेंच नव्हतें.

मराठींत अशी प्रश्नावली आणूं पाहणारानें, भीड हा दोष कीं गुण, हें आधीं आपल्याच माणसांस विचारावें, एवढेंच आमचें सांगणें.