कोणतं वडगाव? कोणतं टायटल?

वडगावचा पाहुणा आला, की आपण आधी विचारतो, 'कोणतं वडगाव?' बुद्रुक, खुर्द, मावळ की शेरी? जुन्या मंडळींनी नावापुढं एक शब्द जोडला आणि गुंता सोडवला. संगणकाच्या जगालाही पुढं हाच प्रश्न पडला. गंमत म्हणजे, तो सोडवायला मंडळी जमली ती डब्लिनला. पण आयर्लंडच्या नव्हे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिनला!

साल १९९५, महिना मार्च. वेब नुकतंच पसरू लागलं होतं. पान वाचून लेखक कोण, तारीख कोणती, हे माणसाला उमगतं. यंत्राला ते सांगावं लागतं. पानाच्या माथ्यावर, वाचकाला न दिसणाऱ्या 'मेटा' या खुणेत ती माहिती ठेवता येई. पण कोणत्या नावानं? 'टायटल' म्हणजे ग्रंथपालाला पुस्तकाचं नाव, तर वकिलाला जमिनीची मालकी!

ओसीएलसी या ग्रंथालय-संस्थेच्या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. त्यातून निघालेली यादी पुढं १५ नावांवर स्थिरावली. तीच 'डब्लिन कोअर'. पानात प्रत्येक नावाआधी 'डीसी' लिहायचं ठरलं. पण 'डीसी' हे अक्षर दुसऱ्या कुणीही वापरलं तर? म्हणून ही कोणती यादी, ते सांगणारा वेब-पत्ता सोबत द्यायची रीत डिसेंबर १९९९ मध्ये नोंदवली गेली. वेबवरचं नोंदणीकृत नाव एका वेळी एकाच मालकाचं असतं. त्यामुळं त्याच्या आधारानं केलेली खूण दुसऱ्याशी सहसा भिडत नाही. त्याच वर्षी जानेवारीत एक्सएमएलच्या नियमांतही हीच युक्ती आली. तो पत्ता उघडून पान निघालंच पाहिजे, असं मात्र नाही. त्याचं काम आडनावाचं.

पानाच्या कर्त्याला स्वतःपुरती काही माहिती ठेवायची असेल तर? त्यानं मनानं एखादं नाव योजावं आणि उद्या एचटीएमएलनंच त्या नावाला वेगळा अर्थ द्यावा, ही भीती होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल-५ नं 'डेटा-' हा उपसर्गच पानाच्या कर्त्यांना आंदण दिला. तरीही एकाच पानावर दोघांच्या आज्ञावली नांदत असतील, तर तंटा उरतोच. म्हणून नियमांतच सल्ला आहे: 'डेटा-' नंतर आपल्या आज्ञावलीचंही नाव लावा.

म्हणजे वडगाव, आणि पुढं बुद्रुक! नाव कुणालाही ठेवता येतं. पण ते कुणी ठेवलं हे सोबत लिहिलं नाही, तर ठेवणारा गेल्यावर त्या नोंदीचा अर्थ लावायचा कुणी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)