एक्सेलचा चार्ट प्रिंट व्हायला इतका वेळ का लागतो?

शीटमधला आकड्यांचा तक्ता झटक्यात छापून येतो, पण त्याच फाइलमधल्या चार्टची प्रिंट दिली की प्रिंटर नुसता दिवा लुकलुकवत बसतो. लगेच प्रिंटरला शिव्या घालू नका, बऱ्याचदा घोळ चार्टमध्येच असतो.

उदाहरण विंचूरचं घेऊ. निफाड तालुक्यातलं विंचूर म्हणजे लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार. लिलावाच्या दिवशी कांद्याचे कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन भाव निघतात. समजा, शेतकरी गटाच्या बैठकीसाठी तुम्हाला तीन वर्षांच्या भावांचा चार्ट छापायचाय. वर्षाला २५० दिवस लिलाव धरला तरी तीन रेषांचे मिळून २,२५० बिंदू झाले. त्यात प्रत्येक बिंदूवर गोल मार्कर, मार्करला सावली आणि मागे अर्धपारदर्शक रंग. स्क्रीनवर एकदम भारी दिसतं!

पण बऱ्याच प्रिंटरच्या भाषेत पारदर्शक रंग ही गोष्टच नसते. मग ड्रायव्हर तेवढ्या भागाचं, कधी कधी अख्ख्या पानाचं, चित्र बनवतो. ए-फोर पानावर ६०० डीपीआयला सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके बसतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले, तर एका पानाचा कच्चा डेटा १०४ एमबीच्या आसपास जातो. ३०० डीपीआयला तोच २६ एमबी.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा. प्रिंटरच्या यादीतून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडून प्रिंट द्या. पीडीएफ बनायलाही वेळ लागला तर चार्ट जड आहे. ती पटकन बनली तर ड्रायव्हर, केबल किंवा वायफाय तपासा. आणि 'पेज सेटअप' उघडतानाच एक्सेल अडकत असेल, तर डिफॉल्ट प्रिंटर बंद पडलेला किंवा नेटवर्कवर नसलेला असू शकतो, कारण पानाची मापं एक्सेल त्याच्याकडूनच घेतं. चालू प्रिंटर डिफॉल्ट करा.

चार्ट जड असेल तर रेषेवर राइट क्लिक करून 'फॉरमॅट डेटा सिरीज'मध्ये मार्कर 'नन' करा. सावली, ग्लो, ग्रेडियंट काढा, पारदर्शकता शून्यावर आणा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. कच्ची प्रत हवी असेल तर चार्ट सिलेक्ट करून 'पेज सेटअप'च्या 'चार्ट' टॅबमध्ये 'ड्राफ्ट क्वालिटी'वर टिक करा. चार्ट सिलेक्ट असताना प्रिंट दिली तर फक्त चार्टच छापला जातो, मागची शीट येत नाही.

बिंदू कमी करायला महिन्याची सरासरी काढा, असा सल्लाही मिळेल. मला तो पटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी लावली. अशा वेळी नेमक्या कोणत्या दिवशी भाव किती घसरला, हेच तर बैठकीत दाखवायचं असतं आणि महिन्याच्या सरासरीत तीच घसरण बोथट होते. त्यामुळे सजावट कापा, आकडे राहू द्या. तरीही जड वाटलं तर प्रत्येक वर्षाचा वेगळा चार्ट करा.

सगळं मोबाईलवरच असेल तर गुगल शीट्सच्या ॲपमध्ये तीन ठिपक्यांवर टॅप करून 'शेअर अँड एक्सपोर्ट', मग 'प्रिंट', आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा. ही पीडीएफ झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट काढून फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि तारखांचे बारीक आकडे पुसट येतात. दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल, तर प्रिंट हातात आल्यावर आठवणीने लॉग आउट करा.