हुंडी

एका गावच्या सराफाने परगावच्या आपल्या पेढीला किंवा आडत्याला ‘अमुक रक्कम अमक्यास द्यावी’ असे लिहून दिलेला कागद म्हणजे हुंडी. रोकड न हलवता पैसा दूर पोचवणे हा तिचा मुख्य उपयोग. उधारीसाठीही ती काढली जाई. या कामाबद्दल सराफ घेई ती हुंडणावळ. निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत असल्याने बट्ट्याचा हिशोबही करावा लागे. पेशवाईत उत्तर हिंदुस्थानातला वसूल पुण्याला येई तो बराचसा हुंड्यांनीच.

दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. पैसे कोणाला द्यायचे, यावरूनही प्रकार पडतात. नामजोग हुंडी नाव लिहिलेल्या माणसाची, धनीजोग हुंडी तिच्या धन्याची. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र ‘शहा’लाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळत. चोरीवरचा हा पक्का इलाज होता. हुंडी चोराच्या हाती लागली तरी ती वटवायला त्याला एखादा शहा गाठावा लागे, आणि पुढे लबाडी उघडकीस आली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. आजच्या मराठीत साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला शहाजोग म्हणतात; पेठेतला अर्थ जवळजवळ उलटा होता.

जोखमी हुंडी माल पाठवणारा माल घेणाऱ्यावर काढी. माल सुखरूप पोचला तरच पैसे मिळत, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडे. हुंडी विकत घेणारा त्यामुळे एका अर्थी मालाचा विमा देणाराही ठरे.

आकड्यात फेरफार होऊ नये म्हणून रक्कम फोडून लिहीत: रुपये शंभर, निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत देत, ती पेठ. तीही गहाळ झाली तर परपेठ. हुंडी मान्य करणे म्हणजे सकारणे, फेटाळणे म्हणजे नकारणे. नकारली गेलीच तर पैसे कोणी द्यावेत हे सांगणारी जिकरी चिठ्ठी कधी कधी सोबत असे. पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला खोका म्हणत.

हवाल्याशी हुंडीची नेहमी गल्लत होते. हवाल्याचा व्यवहार बहुधा तोंडी निरोपावर चालतो. हुंडी हा लेखी दस्तऐवज आहे, हातोहात फिरणारा. दक्षिणेकडील देवळांत दानपेटीलाही हुंडी म्हणतात, पण तिचा या कागदाशी व्यवहारात काही संबंध नाही.

१८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्याने देशी भाषांतील अशा कागदांबाबतचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले. मात्र पक्षकारांनी कागदावरच तसे लिहून दिले, तर त्यांना तो कायदा लागू होतो. पुढे १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ६९-डी घालण्यात आले. १ एप्रिल १९७७ पासून अमलात आलेल्या या कलमानुसार हुंडीवर घेतलेले किंवा फेडलेले कर्ज ‘अकाउंट पेयी’ धनादेशाने दिले-घेतले नसेल, तर ती रक्कम कर्जदाराचे उत्पन्न धरली जाई.