पाळणा किती वेळा हलवायचा?

अतिमानवी नायकाचा चित्रपट नव्याने काढायचा, तर त्याच्या उगमाची कथाही नव्याने सांगितलीच पाहिजे, असे मानणारा एक जाणता वर्ग आहे. त्याची बाजू लेचीपेची नाही, म्हणून ती आधी पुऱ्या बळानिशी मांडतो. दर दहा-पंधरा वर्षांनी नवी पिढी चित्रपटगृहात येते. स्पायडरमॅनचा बेनकाका कोण, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवाय नायकाची नीती त्याच्या पहिल्या जखमेतून उगवते. आईबापांचा खून वगळला, तर बॅटमॅन हा मुखवटा चढवलेला एक श्रीमंत माणूस तेवढा उरतो. सर्वांत टोकदार युक्तिवाद मात्र आपल्या घरचा आहे. रामजन्म दर चैत्रात होतोच ना? शिवजयंतीला पाळणा दरवर्षी म्हणतोच ना? मग हॉलिवूडनेच काय घोडे मारले?

या घरच्या युक्तिवादाचाच समाचार आधी घेऊ. पाळणा हा विधी आहे. रामनवमीला माध्यान्ही गुलाल उधळतो, सुंठवडा वाटला जातो आणि जन्म आटोपतो. भरतभेटीच्या आख्यानाला उभे राहिलेले बुवा आधी पुत्रकामेष्टी यज्ञ मांडून बसतात काय? आमच्या सावनेरजवळचा अदासा घ्या. विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजला जाणारा हा शमीविघ्नेश. तिथली कथा अशी, की बळीच्या यज्ञाला जाण्यापूर्वी वामनाने इथे गणेशाची आराधना केली. पार्वतीच्या अंगचा मळ, तुटलेले मस्तक, हत्तीचे शिर यांतले काहीही त्या कथेला लागत नाही. गणपती कोण, हे श्रोत्याला माहीत आहे असे गृहीत धरूनच ती सुरू होते.

शाहिरांची साक्ष तर याहून भक्कम. शिवकाळातले जे सर्वांत जुने पोवाडे आपल्याला ठाऊक आहेत, त्यांत अज्ञानदासाचा अफजलखानवधावर आहे आणि तुळशीदासाचा सिंहगडावर. दोघांनीही प्रसंग उचलला. चित्रपटांनी तोच वारसा चालवला. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३चा, शांतारामबापूंचा १९३३चा, ‘सुभेदार’ २०२३चा. दिग्पाल लांजेकरांची मालिका तर सुरुवातीला काळाच्या उलट चालीने गेली. ‘फर्जंद’मध्ये १६७३चा पन्हाळा, ‘फत्तेशिकस्त’मध्ये १६६३चा लाल महाल, ‘पावनखिंड’मध्ये १६६०ची घोडखिंड, ‘शेर शिवराज’मध्ये १६५९चा प्रतापगड. एकाही प्रेक्षकाची वाट चुकली नाही. आपल्या परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी ती परंपरा नीट पाहिलेली नाही, एवढेच म्हणतो.

आता जखमेचा मुद्दा. बॅटमॅन छापील पानावर अवतरला मे १९३९ मध्ये, पूर्वकथेशिवाय. आईबापांच्या खुनाची हकीकत आली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या अंकात, तीही दोन पानांत. ज्या दोन पानांवाचून नायक अनेक महिने सुखाने चालला, त्यांना पुढे चित्रपटांनी गाभा ठरवले. खुनाच्या त्या गल्लीत आईच्या गळ्यातली मोत्यांची माळ किती वेळा तुटायची? मॅट रीव्ह्जच्या २०२२च्या चित्रपटात ती गल्ली नाही, तरी अनाथपण पडद्यावर सतत जाणवते, कारण ते नायकाच्या वागण्यात उतरले आहे. आणि २००८च्या बॅटमॅन-चित्रपटातला जोकर? आपल्या तोंडावरच्या व्रणांची तो दोनदा कथा सांगतो, दोन्ही वेळा वेगळी. त्याचा उगम शेवटपर्यंत कळत नाही. त्याला कोणी विसरले काय?

‘बॅटमॅन बिगिन्स’ची साक्ष प्रतिपक्ष काढणार, हे मी धरून चालतो. तो चित्रपट उत्तमच आहे, पण खुनामुळे नव्हे. खून आणि मुखवटा यांच्या मधली भटकंतीची, शिक्षणाची वर्षे पडद्यावर तोवर कोणी सविस्तर दाखवली नव्हती, ती त्याने दाखवली. जे सांगितलेलेच नाही, ते जरूर सांगावे. माइल्स मोरालेस हा दुसरा स्पायडरमॅन २०१८ मध्ये मोठ्या पडद्यावर नवखा होता. त्याची सुरुवात दाखवणे भागच होते. हरकत उष्ट्या घासाला आहे.

राहिली नवी पिढी. स्पायडरमॅनचा उगम २००२ मध्ये सांगून झाला होता. दहाच वर्षांनी तो पुन्हा सांगितला, आणि त्या चित्रपटाने जगभरात सुमारे ७६ कोटी डॉलर मिळवले. २०१७च्या ‘होमकमिंग’ने कोळ्याचा दंश आणि काकाचा मृत्यू दोन्ही टाळले, त्याची कमाई सुमारे ८८ कोटी. (आयर्नमॅनची सोबत होती, हे मान्य; तरी काकावाचून काही अडले नाही, हे उरतेच.) ‘फॅन्टास्टिक फोर’ने २०१५ मध्ये उगम पुन्हा पहिल्यापासून उगाळला आणि सपाटून मार खाल्ला. आठ वर्षांच्या पोराला नायक भिंतीवर चढताना दिसला की पुरते. त्याला जन्मदाखला लागतो असे मोठ्यांना वाटते.

२०२५च्या ‘सुपरमॅन’ने पूर्वपीठिका पडद्यावरच्या मोजक्या ओळींत उरकली आणि हरलेला नायक थेट बर्फात आणून आपटला. त्याच्या जन्मग्रहाचा, क्रिप्टनचा, स्फोट दाखवला नाही, म्हणून तिकिटाचे पैसे परत मागणारा एक तरी प्रेक्षक प्रतिपक्षाने वाचकांच्या न्यायासनापुढे हजर करावा. मी उलटतपासणीला तयार आहे.