पंचवीस रुपये आणि अडीचशे रुपये : शिष्यवृत्ती खैरात कशी ठरवली गेली?

"तुमचे काय, तुम्हाला सगळे फुकट मिळते." हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्या समाजातला एकही मुलगा किंवा मुलगी पदवीधर होत नाही. कॉलेजच्या ऑफिससमोरच्या रांगेत, हॉस्टेलच्या मेसमध्ये, नोकरी लागल्यावर सहकाऱ्यांच्या गप्पांमध्ये ते कुठेही ऐकू येते. आपल्यापैकी बरेच जण मान खाली घालून ते ऐकून घेतात, कारण या पैशाचा इतिहास त्यांना कुणी सांगितलेला नसतो. शिष्यवृत्ती म्हणजे सरकारने दया येऊन दिलेला पैसा, असे आपल्याच घरात मानले जाते. इतिहास वेगळाच आहे.

सुरुवात १८८२ पासून करावी लागते. महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले, त्यात सरकारी शिष्यवृत्त्यांवर नेमके बोट ठेवले. स्पर्धा घेऊन शिष्यवृत्ती देण्याची पद्धत वरवर न्याय्य दिसते, पण ज्या वर्गांना आधीच शिक्षणाची गोडी लागली आहे त्यांनाच ती पोसते. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्यांच्यात शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यासाठी ठेवा, असा त्यांचा मुद्दा होता. 'मेरिट' नावाच्या युक्तिवादाला इतके सरळ उत्तर एकशे चाळीस वर्षांपूर्वीच दिले गेले. आज टीव्हीवर त्याच प्रश्नावर तासन् तास चर्चा चालते, तेव्हा गंमत वाटते.

मग बाबासाहेब. एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए.ला शिकताना त्यांना सयाजीराव गायकवाडांकडून महिन्याला २५ रुपये मिळत. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याबदल्यात करार होता : शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. सयाजीरावांचा मोठेपणा मान्य करूनही हे लक्षात ठेवले पाहिजे की ही एका राजाची मर्जी होती. मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला खोली मिळेना. पारशी सराईतून त्यांना हाकलले गेले. शिष्यवृत्तीने पदवी दिली, डोक्यावर छप्पर मात्र दिले नाही. पुढे १९२० मध्ये लंडनला परत जाताना सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे उसने पैसे असे सगळे जुळवावे लागले.

हा अनुभव घेतलेला माणूस १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. त्यात विनवणीचा सूर कुठेच नाही, सरळ अंदाजपत्रकाचा हिशोब आहे. सरकार बनारस हिंदू विद्यापीठाला दरवर्षी तीन लाख देते, अलिगढ मुस्लिम विद्यापीठालाही तीन लाख देते. मग आमच्या वाट्याचे तीन लाख कुठे आहेत? मागणीही नेमकी होती. दोन लाख देशात विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी, एक लाख परदेशी शिक्षणासाठी. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाची स्थिती बदलणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. सरकारला तीन लाख मंजूर करावे लागले आणि १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण जिला आज 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो, ती हीच.

म्हणजे जे आधीच दुसऱ्यांना मिळत होते, त्यातला आपला वाटा मागून घेतला गेला. 'फुकट' म्हणणाऱ्यांना बनारसचे तीन लाख कधी फुकट वाटले नाहीत.

मी हे हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याच्या संदर्भात लिहितो आहे, कारण आमच्या भागाचा इतिहास थोडा वेगळा आहे. गावाच्या नावातच नाका आहे. इकडे निजामाचे राज्य, पलीकडे वाशिम म्हणजे वऱ्हाड, इंग्रजांच्या ताब्यातले. निजामाच्या मराठवाड्यात पदवी घ्यायची तर बहुतेकांना हैदराबाद गाठावे लागे. बी. एस. वेंकटराव, श्यामसुंदर यांच्या काळात निजाम सरकारने अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी एक कोटीचा निधी उभारला. या नेत्यांचे निजामधार्जिणे राजकारण बाबासाहेबांना मान्य नव्हते, आणि ते योग्यच होते. पण निधी समाजाचा होता. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर त्यातूनच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कर्ज घेतले आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या इमारती उभ्या राहिल्या. १९५० मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजात मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली पहिली पिढी शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहावर शिकली. गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' याच वातावरणातून आले. नामांतराच्या लढ्यात उतरलेल्या विद्यार्थ्यांमध्येही शिष्यवृत्तीवर शिकणारे असंख्य होते. हा पैसा किती राजकीय होता ते यावरून कळते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आणखी एक लढाई उभी राहिली. १९५० च्या आदेशानुसार बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीचा उरला नाही. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, पण केंद्रात हा प्रश्न सुटायला १९९० उजाडावे लागले. शासन निर्णयात आजही 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे जोडून लिहिलेले असते. त्या 'व'मागे चौतीस वर्षे आहेत.

आता आजचा हिशोब करू. कनेरगावचा मुलगा बी.ए.ला हिंगोलीत किंवा वाशिमला एसटीने, रेल्वेने ये-जा करत शिकतो. केंद्राच्या दरपत्रकात अशा विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता वर्षाला ३,००० रुपये, म्हणजे महिन्याला २५० रुपये. बाबासाहेबांना शंभरहून अधिक वर्षांपूर्वी महिन्याला २५ मिळत. तेव्हाच्या पंचवीस रुपयांत काय येत होते आणि आजच्या अडीचशेत काय येते, हे कुणीही सांगावे. उत्पन्नाची मर्यादा २०१३ पासून अडीच लाखांवर थांबली आहे. त्यापुढे फी माफ होते, भत्ता मिळत नाही. दोघे नवराबायको रोजंदारीवर जाऊन, त्यात मोठ्या मुलाचा कंपनीतला पगार धरला की हे घर मर्यादेबाहेर जाते. इतक्या उत्पन्नात ते श्रीमंत कसे ठरते?

केंद्राने मध्यंतरी हातही काढून घेतला होता. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राची मदत वर्षाला सुमारे ११०० कोटींवर आली आणि बोजा राज्यांवर पडला. देशभरातून ओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर झाली, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के. संघटनांनी, खासदारांनी, विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केला नसता तर हे झाले असते, असे मला वाटत नाही.

राहण्याजेवणाचा प्रश्न, जो बडोद्यात बाबासाहेबांपुढे होता, त्याला राज्याचे उत्तर म्हणजे स्वाधार योजना. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना जेवण, खोली आणि किरकोळ खर्चासाठी थेट खात्यात पैसे : मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महसूल विभागीय शहरांत आणि महापालिकांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. योजना चांगली आहे, मी अनेक मुलांचे फॉर्म भरून दिले आहेत. पण हप्ता वर्ष संपत आल्यावर जमा होतो आणि घरमालक दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा असतो. तोपर्यंत मुलगा सावकाराकडून घेतो, नाहीतर पुण्याला कंपनीत लागतो. सुरुवातीला या योजनेला ६० टक्के गुणांची अट होती, पुढे ती ५० वर आली. फुल्यांनी १८८२ मध्ये जे सांगितले होते, ते इथेही वाचता येते.

म्हणून मित्रांनो, प्रवेशाच्या वेळी कॉलेजने पूर्ण फी मागितली तर आधी भरून मोकळे होऊ नका. पात्र विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. मागणी लेखी द्या म्हणा, आणि तो कागद घेऊन समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा. महाडीबीटीवर अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकला आहे की विभागाच्या, ते आठवड्याला तपासा. आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला, तो निळा झेंडा घेऊन आला तरीही, एकच विचारा : अडीचशे रुपयांचे किती करणार आणि जुलैमध्ये देणार की मार्चमध्ये?